चोक लागत नाही

पिरंगुटात बोटीची इंजिनं दुरुस्तीला येतात म्हटलं की लोक हसतात. इथे रस्त्यावर कंपन्यांचे टेम्पो, आणि समुद्राचा वास घ्यायचा तर ताम्हिणी उतरून कोकणच गाठायला हवं. पण पौडच्या पुढे मुळशी धरणाचं पाणी आहे, दक्षिणेला पानशेत-वरसगाव आहे, आणि पाणी आलं की बोट आली. माझं गॅरेज मुळात स्कूटरचं. टू-स्ट्रोक म्हणजे टू-स्ट्रोक, या एका धाडसावर मी पहिलं आउटबोर्ड इंजिन उघडलं.

चेतक तिरकी करून मग किक मारणारी पिढी आता साठीला आली. बजाजने १९७२ साली ती काढली आणि अर्ध्या महाराष्ट्राला एक पाय जमिनीवर ठेवून स्कूटर वाकवायला शिकवलं. वाकवल्यावर कार्बोरेटरच्या वाटीत नेमकं काय होतं, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. पेट्रोल जरा जास्त चढतं, एवढंच. थंड इंजिनाला ते मानवतं. गरम इंजिनाला तेच नडतं. आउटबोर्डच्या निम्म्या तक्रारी या एवढ्याशा फरकातल्या असतात.

दोन वर्षांपूर्वी आलेलं इंजिन चाळीस अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं, कोकणातून जुनं घेतलेलं. मालक कौतुकानं म्हणाला, “मेस्त्री, सकाळी दुसऱ्या दोरीला चालू होतं बघा. थंडीतसुद्धा चोक लागत नाही!” तक्रार एवढीच, की स्लोला गिअरमध्ये टाकलं की बसतं, आणि गरम असताना बंद केलं तर पुन्हा घेत नाही. अर्धा तास तसंच सोडलं तर मात्र काही झालंच नाही असं सुरू होतं.

माझ्याआधी कोणीतरी आयडलचा स्क्रू भरपूर आवळून ठेवला होता. ही आपल्या धंद्यातली जुनी लबाडी. स्लो वाढवला की इंजिन बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश. पण वाढलेल्या स्लोवर गिअर टाकला की खालच्या पेटीत खाडकन आवाज येतो, आणि प्रत्येक खटक्याला गिअरच्या कडा थोड्या थोड्या उडतात. हजाराचं दुखणं झाकायला काही हजारांचं नवं विकत घ्यायचं.

मीही काही फार शहाणपणा केला नाही. गरम झाल्यावर त्रास म्हणजे कॉइल, हे स्कूटरवर शिकलेलं गणित. तापल्यावर आतली तार तुटते, थंड झाली की जुळते, असं खरंच होतं. कॉइल बदलली. प्लग बदलले. ड्रममध्ये पाणी भरून इंजिन लावलं, पाच मिनिटं चालवलं, बंद केलं, पुन्हा सुरू केलं. अगदी गुणी बाळ. दिलं पाठवून. चौथ्या दिवशी तेच इंजिन तीच तक्रार घेऊन परत.

ड्रम खोटं बोलतो, हे तेव्हा कळलं. त्यात इंजिन जेमतेम कोमट होतं. गिअर टाकला तर पाणी नुसतं घुसळून फेसाळतं, पंख्याला खरा भार मिळत नाही. एक्झॉस्टच्या तोंडावर तळ्यात जो दाब असतो तो इथे नाही. मग स्लो जुळवायचा कशाच्या आधारावर? दुखणं होत असताना नाडी धरावी लागते, ती घरी बसून कशी धरणार.

म्हणून गेलो मुळशी धरणावर. वीस मिनिटं बोट भरधाव चालवली, काठाला लावली, इंजिन बंद केलं आणि घड्याळ बघत बसलो. त्या वेळात इंजिनात काय चाललेलं असतं ते सांगतो. चालू असताना पंप धरणाचं पाणी आत फिरवतो. बंद केलं की पाणी खाली उतरतं आणि सिलिंडरची धग वर कार्बोरेटरकडे सरकते. वाटीतलं पेट्रोल तापतं, त्याची वाफ होते. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट, नंतर निवत जातं. मेकॅनिक बोलावल्यावर तासाभराने येतो तेव्हा त्याला इंजिन धडधाकट भेटतं, आणि मालक खोटारडा ठरतो.

एप्रिलचं ऊन होतं. शेजारी बसलेले एक आजोबा पाण्याकडे बोट दाखवून खालची शेतं कोणाकोणाची ते मोजत होते. १९२१ साली सेनापती बापटांनी ज्या जमिनींसाठी सत्याग्रह उभा केला, त्या याच. पाणी मात्र सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला वीज करायला जातं आणि पुढे कुंडलिकेला मिळतं. कोलाडला जी राफ्टिंगची गर्दी असते ती त्याच पाण्यावर.

बारा मिनिटांनी दोरी ओढली. सात वेळा. काही नाही. झाकण काढलं तर पेट्रोलचा भपकारा. प्लग काढले, दोन्ही ओलेचिंब. वास जाऊ दिला, मग बंद काचेच्या टेस्टरवर करंट पाहिला. निळा, खणखणीत. म्हणजे बिचाऱ्या कॉइलचा काही गुन्हा नव्हता.

मग पेट्रोलच्या टाकीकडे लक्ष गेलं. लाल टाकी फळीवर, उन्हात. झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद. पेट्रोल उडून जातं म्हणून मालक काठाला लागल्याबरोबर तो आवळायचा. मी सैल केला आणि टाकीनं सुस्कारा सोडला, फुस्स. उन्हाने टाकीत दाब भरत होता, तो दाब नळीतून पेट्रोल पुढे ढकलत होता, आणि त्याला अडवायची जबाबदारी कार्बोरेटरच्या एका सुईवर होती. सुई काढून उन्हात धरली. टोकाभोवती बारीक कडं पडलेलं. इनलेटला नळी लावून तोंडाने फुंकलं, सुई बसलेली असताना हवा आरपार.

सगळी कोडी तिथेच सुटली. सुई गळते म्हणून वाटीत पेट्रोल नेहमीच वर. म्हणून स्लो जड, गिअर टाकला की गुदमरतं. त्यात धरण समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर, हवा विरळ, कोकणात जुळवलेलं मिश्रण इथे आणखी जड पडतं. आणि थंडीत चोक लागत नव्हता, कारण चोकचं काम ती गळकी सुईच करत होती. मालकाने कौतुक म्हणून सांगितलेली गोष्ट हेच पहिलं लक्षण होतं. मी ते ऐकून मान डोलावली होती! (हल्ली अशा वेळी सगळं इथेनॉलवर ढकलायची फॅशन आहे. वीस टक्क्यांच्या पेट्रोलने जुन्या रबराची वाट लागते हे खरं, मी नळी बदललीच. पण हे कडं वर्षानुवर्षांच्या थरथरीचं होतं.)

नवी सुई आणि तिची बैठक, फ्लोटची उंची, मिश्रणाचा स्क्रू हलकेच बसवून दीड फेरी बाहेर. तिथून पुढचं सगळं पाण्यावर, इंजिन तापवून, गिअरमध्ये टाकून. स्क्रू पाव फेरी फिरवायचा, थांबायचं, ऐकायचं. नऊशेच्या आसपास स्लो ठरला, गिअर टाकल्यावर थोडा उतरून तिथेच टिकला. बारा मिनिटांच्या परीक्षेत पहिल्याच दोरीला पास. कॉइलचे पैसे मी लावले नाहीत.

डिसेंबरात मालकाचा फोन आला. “मेस्त्री, काहीतरी बिघडलंय. सकाळी चोक ओढल्याशिवाय घेतच नाही.”