दयेचा पडदा

मोरोपंतांच्या बारामतींत राहणाऱ्या माणसास 'केका' या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. मोराची ती आर्त हांक. तिच्या नांवानें पंतांनीं देवाला आळविलें. अपंग मनुष्य बोलूं लागला म्हणजे तो केकाच करणार, असा आमचा आजवरचा समज होता. तो इंदापूर तालुक्यांतील, उजनीच्या फुगवट्याकांठच्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मोडला.

हा मुलगा दोन्ही पायांनीं अधू. हल्लीं तो मोबाइलवर स्वतःच्या चित्रफिती करून यूट्यूबवर घालतो. कन्येनें आम्हांस त्यांतली एक दाखविली. तींत तो हंसतमुखानें एका इमारतीच्या पायऱ्या मोजीत होता. बावीस भरल्या. इमारत ओळखीची वाटली आणि मग ध्यानांत आलें कीं, त्या बाविसाव्या पायरीपलीकडे आमचाच वर्ग भरतो! दोन वर्षें तो हातांवर भार देऊन वर येई, आणि आम्ही स्नेहसंमेलनांत त्याच्या जिद्दीचे गोडवे गाइले. वर्ग खालीं आणावा, हें मात्र आम्हांस सुचलें नाहीं. त्याला सर्वांपुढें अवघडल्यासारखें होऊं नये म्हणून आम्ही त्याला कधीं प्रश्नहि विचारला नाहीं.

अशी दया ही कांहीं आमचीच मक्तेदारी नव्हे. टिकटॉक भारतांत २०२० सालीं बंद झालें. तत्पूर्वीं, २०१९ च्या डिसेंबरांत, एका जर्मन वार्तापत्रानें उघडकीस आणलें कीं, ती कंपनी अपंगांच्या चित्रफिती फार लोकांपर्यंत जाऊं देत नसे. कारण काय, तर कोणी त्यांची टवाळी करूं नये! ती रीत चुकीची होती, असें पुढें कंपनीनेंच मान्य केलें. टवाळखोरांस मोकळें सोडून, ज्याची टवाळी व्हावयाची त्यालाच पडद्याआड ठेवण्याचा हा न्याय आमच्या वर्गांतलाच होता.

२०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि सार्वजनिक इमारती सुगम करण्याचें बंधन घातलें. परंतु कायद्याचें कलम कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. बावीस पायऱ्या भरतात. पूर्वीं अशा मुलाचें चित्र दुसरे काढीत, तें वर्गणीच्या पावतीपुस्तकावर छापण्यासाठीं. आतां कॅमेरा त्याच्या हातीं आहे, आणि त्यांत दिसतों ते आम्ही.

आम्ही त्याला कौतुकाचा लांबलचक संदेश धाडला. उत्तरादाखल एकच ओळ आली : "सर, वर्ग खाली आला का?"

त्याला उत्तर देण्यास आम्हांस पंधरा दिवस लागले. कारण तेवढ्या अवधींत वर्ग तळमजल्यावर आणावयाचा होता.