तांब्याभर पाणी

आमच्या धाराशिवकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग गाव विचारतात. घोट घशाखाली उतरला की मगच ‘कुठलं गाव म्हणायचं?’ ज्या मुलखाचं नाव निघालं की लोक पुढे ‘दुष्काळी’ हा शब्द जोडूनच बोलतात, तिथं ही रीत किती महागाची आहे, हे उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन पळालेल्यालाच ठाऊक. सरत्या 2025 सालातले माझे प्रवास आठवायला बसलो, तर किल्ले आणि देवळं मागाहून येतात. पहिल्यांदा येतं ते कुणीतरी पुढे केलेलं पाणी. फार लांबचा असा एकही प्रवास नाही. बहुतेक सगळे आपल्याच जिल्ह्यातले, लालपरीच्या खिडकीतून केलेले, आणि काही पायी.

चैत्रात येरमाळ्याला गेलो होतो. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी डोंगरावरून उतरून चुन्याच्या रानात येते आणि हजारो माणसं काळ्या मातीत वाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचू लागतात. ऊन असं, की जमिनीकडे बघवत नाही. माझ्या शेजारी एक आजी बसूनच वेचत होती. खडा उचलायचा, अंगठ्यानं माती पुसायची, कपाळाला लावायचा, मग पदरात टाकायचा. एकाही खड्याला तिनं यातलं काही चुकवलं नाही. माझ्या ओंजळीत दोन-चारच खडे बघून तिनं स्वतःच्या पदरातले मूठभर काढून दिले आणि प्लास्टिकच्या बाटलीतलं कोमट पाणी पुढे केलं. ‘घी की बाळा, लाजतूस कशाला?’ त्या बाटलीत तिच्यापुरतंच पाणी होतं. ती कुठली, मी कुठला. पुन्हा भेट होणं नाही. पण वर्षभरात जे जे म्हणून मिळालं, त्यात ती मूठ आणि ते पाणी मी फार वर ठेवतो.

तेरला गेलो तेव्हा तेरणा अंग चोरून वाहत होती. हेच प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात याचं नाव आहे. इथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जायची आणि तिथून समुद्रापार. लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती पाहिली. तेरच्या मातीतले तुकडे गोळा करून जपणाऱ्या लामतुरे घराण्याचे आपल्यावर उपकार आहेत, आणि ते पुरेसे बोलले जात नाहीत. त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळाला प्रदक्षिणा घालून नदीकाठी गोरोबाकाकांच्या समाधीला टेकलो. मडकी घडवणाऱ्या संताचं हे गाव. तिथं माठातलं पाणी प्यालो आणि खूप वेळ उठलोच नाही.

पण यंदाच्या सालाचा मानाचा प्रवास नळदुर्गचा. किल्ला अनेकदा पाहिलेला, मात्र बोरी नदी भरून बंधाऱ्यावरून वाहते आहे अशा वेळी जाण्याचा योग दरवर्षी येत नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613च्या सुमारास, किल्ला आणि शेजारचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये हा बंधारा घातला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पायऱ्या उतरून आत गेलं की डोक्यावरून नदी चाललेली असते. नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी खाली कोसळत असतं. भिंतीला तळहात टेकवला, तर दगड थरथरत होता. खिडकीतून तुषार येऊन चष्मा भिजला. तो पुसावा असंही वाटलं नाही. पाणी अडवणं ही गरज असते. अडवलेल्या पाण्याच्या पोटात बसून ते पडताना बघावं, असं वाटायला पाण्याची ओढ लागते, आणि ती कोरड्या मुलखालाच कळते. 1853 नंतर काही वर्षं या भागाचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरच्या आत्मचरित्रात नळदुर्गची पानं आहेत. इथं राहिल्यावर ती का लिहावीशी वाटली असतील, हे त्या खिडकीत उभं राहून उमजतं. बाहेर हिरवळीवर उमरग्याकडचं एक कुटुंब भाकरी, शेंगाचटणी सोडून बसलं होतं. त्यांनी हाक मारून बसवलंच. पानावर दुसरी भाकरी नको म्हणायची सोय नव्हती.

त्याच पाण्यानं सप्टेंबरात घात केला. भूम-परंड्याकडे नद्या पात्र सोडून रानात शिरल्या, सोयाबीन सडलं, कित्येकांची जमीन खरवडून गेली. परंडा तालुक्यात माझी आत्या राहते. पाणी ओसरल्यावर तिच्याकडे गेलो, तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती आणि अंगणात भिजलेली ज्वारी वाळत घातलेली. आत्यानं आधी तांब्या आणला. मी घुटमळलो, तर म्हणाली, ‘हिरीत गाळ बसलाय बघ. हे जारचं हाय, इकतचं. बिनघोर पी.’ घरातलं सगळं वाहून गेलेल्या बाईनं विकतच्या पाण्यातला पहिला तांब्या पाहुण्यासाठी भरला. प्रवासाची आठवण म्हणून हे लिहिताना हात अडखळतो. पण याला वगळून यंदाचं साल मला सांगताच येणार नाही.

पुढच्याच पंधरवड्यात कोजागरी आली आणि सोलापूर-तुळजापूर रस्ता रात्रभर चालत्या माणसांनी भरून गेला. दसऱ्याला सीमोल्लंघन करून तुळजाभवानी आई पलंगावर श्रमनिद्रेला जाते, ती अश्विनी पौर्णिमेला जागी होते. त्या दर्शनासाठी पार कर्नाटकातून लोक चालत येतात. मीही थोडं अंतर त्यांच्याबरोबर चाललो. वाटेत जागोजाग पाण्याचे पिंप, चहा, केळी. एका ठिकाणी कॉलेजची पोरं अनोळखी म्हाताऱ्यांच्या पायांना तेल चोळत बसली होती. पहाटे ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात महाद्वारातून पायऱ्या उतरलो आणि गोमुखाच्या गार धारेखाली हात-पाय धुतले. मागण्यासारखं काही सुचलं नाही. आत्याच्या विहिरीतला गाळ निघू दे, एवढं म्हणालो.

आणि आत्ता, डिसेंबरात, येळवस झाली. मार्गशीर्ष अमावास्येला धाराशिव-लातूरकडची गावं घराला कुलूप लावून रानात जातात. कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, बाजरीचे उंडे, भज्जी आणि बिंदगीतली आंबील. ही आंबील घरच्यांपुरती कधीच करत नाहीत. पुढल्या येळवशीला तुम्ही तुळजापूर-धाराशिव रस्त्यानं जात असाल, तर गाडी बाजूला घ्या आणि जिथं कोप दिसेल त्या बांधावरून आत शिरा. ओळख लागत नाही, आमंत्रणही लागत नाही. फक्त दुपारच्या आत पोचा. पंगत वेळेवर बसते.