रिळावरचा आकडा आणि दोरीचे माप

मासे गरवण्याचा छंद रत्नागिरीला नवा नाही. भाट्याची खाडी, मिऱ्याचा किनारा किंवा भगवती किल्ल्याखालचे खडक, यांपैकी एका तरी ठिकाणी गळ टाकला नाही असे घर आपल्यात विरळाच. आमच्या लहानपणी या छंदाला भांडवल लागत नसे. लाकडाच्या फळकुटाला तंगूस गुंडाळला, गरी बांधली, शिसे अडकवले की झाले. दोन्ही हात पसरले की एक वाव, हेच दोरीचे माप.

पुढे काठीला रीळ आले आणि त्याच्याबरोबर 1000, 2500, 4000, 6000 असे आकडे आले. आकडा मोठा तितके रीळ चांगले, असे समजून मुले हट्ट धरतात आणि घरखर्चाला कात्री लागते. म्हणून या आकड्यांचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

हे आकडे मीटरही नव्हेत आणि ग्रॅमही नव्हेत. ती केवळ आकाराची खूण होय, आणि तीही प्रत्येक कारखानदाराची आपापली. एकाच आकड्याच्या दोन रिळांत दोरी सारखीच मावेल, याची शाश्वती नसते. खरी माहिती असते ती चकरीवर बारीक अक्षरांत. समजा, तिथे 0.30 मि.मी. जाडीची 200 मीटर दोरी लिहिली आहे. म्हणजे सुमारे 110 वाव. त्याच चकरीवर 0.40 मि.मी.चा तंगूस भरला, तर तो जेमतेम 112 मीटर मावतो. जाडी थोडीच वाढली, पण दोरी जागा अडवते ती जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. वेणीसारखी विणलेली दोरी तेवढ्याच ताकदीला पुष्कळ बारीक असते, म्हणून ती अधिक मावते. मात्र गुळगुळीत चकरीवर ती घसरू नये, यासाठी तळाशी थोडा तंगूस गुंडाळावा.

चकरी काठोकाठ भरू नये. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी. अधिक भरली तर फेकताना गुंता होतो, कमी भरली तर गळ दूर जात नाही.

खाडीतल्या गरवणीला 2500 ते 4000 पुरेसे होते. खडकावरून मोठ्या तांबोशीची किंवा सुरमईची आशा धरणाऱ्याने 5000-6000 घ्यावे. मोठा मासा पहिल्या झेपेतच कितीतरी दोरी ओढून नेतो. तेव्हा रिळाचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याइतका असावा. सहा किलोच्या दोरीला दीड किलो, हे घरच्या ताणकाट्यावरही पाहता येते. दोरी संपली आणि तुटली, तर मासा तोंडात गरी आणि मागे शेपटासारखा तंगूस घेऊन फिरतो. पोटाला लागेल तेवढे समुद्राकडून घ्यावे, पण हे दुखणे त्याला देऊ नये.

तुटका तंगूस पाण्यात वर्षानुवर्षे कुजत नाही. बगळ्याच्या पायात आणि कासवाच्या गळ्यात तो अडकतो. रीळ लहान असो वा मोठे, उरलेला तुकडा खिशात घालून घरी आणावा. मुलांना रीळ घेऊन देताना हेही शिकवावे.