मनगटावरचे आकडे

आमच्या घरात सध्या नऊ माणसे आणि चार घड्याळे आहेत. त्यांपैकी एकही वेळ पाहण्यासाठी घेतलेले नाही. एक पावले मोजते, एक झोप मोजते, एक हृदयाचे ठोके मोजते आणि चौथे सुई न टोचता रक्तातील साखर मोजते, असे त्याच्या खोक्यावर छापलेले होते. खरे तर या चौथ्यासाठीच आम्ही लिहायला बसलो आहोत. कानांत घालायच्या बिनतारी इअरफोनच्या डब्या घरात किती आहेत, ते मोजायचे आम्ही सोडून दिले आहे. एक डबी वॉशिंग मशीनमधून धुऊन निघाली तेव्हापासून.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी जावा. मिरजेत सोळा वर्षे एका छताखाली राहतो, एका ओट्यावर स्वयंपाक करतो. एक सांगते, दुसरी लिहिते, मग पहिली खोडते. तेव्हा ‘आम्ही’ वाचून भगिनींनी गोंधळू नये.

घरात आधी शिरली ती पावले. मोठ्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितले, त्यांनी घड्याळ घेतले आणि रोज रात्री जेवणानंतर ‘आज दहा हजार झाले की नाही’ याची चर्चा सुरू झाली. कमी पडली तर स्वारी गच्चीवर येरझाऱ्या घालायची. हा दहा हजारांचा आकडा कोणत्या वैद्यकशास्त्राने ठरवला, असे आम्ही विचारले तेव्हा कोणाला सांगता येईना. शोधले तर तो मुळात डॉक्टरांचा नव्हेच. 1964 साली टोकियोत ऑलिंपिक झाले, जपानमध्ये चालण्या-धावण्याचे वारे आले आणि 1965 मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव गोड, आकडा गोल, तो जगभर गेला. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी होते आणि साधारण 7,500 पावलांनंतर त्यात आणखी घट दिसली नाही. हे ऐकल्यावर गच्चीवरच्या येरझाऱ्या थांबल्या. चालणे चालू आहे.

या घड्याळाला पाऊल दिसत नाही, त्याला फक्त मनगटाची हालचाल कळते. आत एक बारीक संवेदक असतो, तो हिसके मोजतो. म्हणून आमच्यातल्या एकीने ते घालून भाकऱ्या थापल्या तर एका जागी उभे राहून शे-दोनशे पावले जमा झाली. (सोळा वर्षांत आमच्या स्वयंपाकाची कोणीतरी मोजदाद केली, याचा आम्हांला झालेला आनंद लपवत नाही.) उलट गल्लीत भाजीची हातगाडी आणणाऱ्या चाचांच्या हाताला मुलांनी ते एका सकाळी बांधून दिले. चाचा चार मोहल्ले फिरून आले आणि घड्याळ म्हणते, आठशे पावले! दोन्ही हात दांड्यावर घट्ट धरलेले, मनगट हलणार कुठून? चाचा हसले आणि म्हणाले, “बेटा, इसको बोलो गाडी ढकलके देख.”

हृदयाचे ठोके मोजण्याची युक्ती मात्र खरोखर हुशारीची आहे. घड्याळ पालथे केले की हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोका पडला की मनगटात क्षणभर रक्त वाढते, परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्या कमी-जास्तावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल किंवा हात हलत असेल तर आकडा चुकतो. या तंत्राचा उपयोग नाही असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांच्या मनगटावर अशी घड्याळे ठेवून अनियमित ठोक्यांचा अभ्यास झाला, तो 2019 मध्ये छापून आला. इशारा मिळाला तो जेमतेम अर्ध्या टक्का लोकांना. त्यांपैकी ज्यांनी पुढे छातीला पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांत हृदयाच्या लयीचा तो बिघाड सापडला, ज्यातून अर्धांगवायूचा धोका संभवतो. म्हणजे इशारा आला तर डॉक्टरांकडे जावे आणि नाही आला म्हणून निर्धास्त राहू नये.

इअरफोनचे प्रकरण वेगळे. आमच्या मुलाच्या कानांतून ते उतरतच नाहीत. पाणी आण म्हटले तर तो ‘हो’ म्हणतो आणि मीठ आणतो. यावर बोलून आम्ही थकलो होतो, पण त्याला पटले ते एका साध्या हिशेबाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतो. तोच 90 डेसिबल केला तर फक्त चार तास, कारण दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. कानाच्या आतल्या ज्या केसासारख्या पेशी ऐकण्याचे काम करतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्याच्या फोनमध्येच आठवड्याचा हिशेब दिसत होता, तो त्याने स्वतः उघडून पाहिला आणि आवाज खाली आणला. किती खाली, ते त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

गंमत अशी की त्याच इअरफोनने अब्बांचे काम केले. अब्बांना ऐकू कमी येते. श्रवणयंत्र लावा म्हटले की ‘लोक बहिरा म्हणतील’ असे म्हणून विषय बंद. पण नातवाने फोन समोर ठेवला, त्याचा माइक चालू केला आणि इअरफोन अब्बांच्या कानांत घातले, तेव्हा जुम्याच्या दुपारी दिवाणखान्यात चाललेले बोलणे त्यांना स्पष्ट ऐकू आले. आता ते रुबाबात बसतात, कारण हे तर तरुण पोरेही घालतात! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2024 मध्ये एका कंपनीच्या इअरफोनमधील श्रवणयंत्राच्या सोयीला रीतसर परवानगीही दिली आहे. ती सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी. अब्बांचे त्यापुढे गेले असावे असे आम्हांला वाटते. कानाची तपासणी अजून बाकीच आहे.

आता चौथे घड्याळ.

अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, सदुसष्ट वर्षांच्या. मधुमेहाला चौदा वर्षे झाली. इन्सुलिन नाही, पण गोळ्या आहेत आणि त्यांतली एक साखर बरीच खाली नेणारी. नणंदेचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि पहिल्या पगारातून त्याने नानीसाठी हे घड्याळ पाठवले. बोट टोचायला नको, रक्त नको, मनगटावर बोट दाबा की साखर. अम्मींना आकड्यापेक्षा नवाशाच्या पहिल्या पगाराचे मोल जास्त होते. ते घड्याळ त्या फक्त वुजूला उतरवत. ग्लुकोमीटर ‘आता कशाला’ म्हणून कपाटात गेला, पण त्याच्या पट्ट्या आणायचे आम्ही बंद केले नाही.

गेल्या वर्षी शाबानच्या महिन्यात त्यांनी नफिल रोजा ठेवला. दुपारी साडेचारच्या सुमाराला आमच्यातली एक त्यांच्या खोलीत गेली तर अम्मी भिंतीला टेकून बसलेल्या, कपाळावर घाम, तसबीह धरलेला हात थरथरत होता. विचारलेल्याचे उत्तर दुसरेच देत होत्या. घड्याळ पाहिले, 112. अम्मी म्हणाल्या, “बघ, ठीक तर आहे. थकवा आहे थोडा.” दुसरीने कपाटातून ग्लुकोमीटर आणला, बोट टोचले. 58.

सत्तरच्या खाली साखर गेली की रोजा त्याच क्षणी सोडावा, असे रमजान आणि मधुमेह यांविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तीनशेच्या वर गेली तरीही तसेच. पण हे त्या वेळी अम्मींना कोण सांगणार? “मगरिबला दोन तास राहिलेत,” त्या म्हणाल्या, “इतक्यासाठी रोजा मोडू? नवाशाचे घड्याळ खोटे आणि तुमचे यंत्र खरे?” आम्ही दोघी सुना, आमचा आवाज तिथे चालत नव्हता. शेवटी अब्बा आले. ते फार बोलत नाहीत. दिव्य कुरआनातील सूरह अल-बकरामध्ये आजारी माणसाला जी सवलत आहे, त्याने राहिलेले दिवस नंतर पूर्ण करावेत, तिची त्यांनी आठवण दिली. मग म्हणाले, “तो फर्ज रोज्यासाठी सवलत देतो आणि तू नफिलसाठी हटून बसलीस?” आणि पेला स्वतः त्यांच्या ओठांना लावला. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली होती. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचले, 84. अम्मी नीट बोलू लागल्या आणि मग रडल्या. घड्याळ तेव्हाही 112 च्या आसपासच रेंगाळत होते.

दुसऱ्या दिवशी मुलांनी ते लाटण्याला बांधले. लाटण्याचे ठोके 76 आणि साखर 108 निघाली.

हसू आले, पण रागही आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये लोकांना स्पष्ट बजावले होते की त्वचेला न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. तरी अशी घड्याळे आपल्या बाजारात सर्रास मिळतात, आणि ती विकत घेतात ती माया असलेलीच माणसे. नवाशाला आम्ही हे फोनवर सांगितले नाही. तो ईदला आला तेव्हा अम्मींनीच सांगितले, तेही त्याला जवळ बसवून.

दंडावर चिकटवायचा सेन्सर ही मात्र निराळी गोष्ट, त्याची गल्लत करू नये. त्याचा केसाएवढा तंतू त्वचेखाली जातो, पेशींमधल्या द्रवातील साखर सतत मोजतो आणि साधारण दोन आठवडे टिकतो. रक्ताच्या मानाने तो काही मिनिटे मागे असतो, पण मोजतो खरे. एका सेन्सरला काही हजार रुपये लागतात. आम्ही तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून रमजानच्या पहिल्या पंधरवड्यापुरता लावला, पुढे ग्लुकोमीटरवरच भागवले. बोट टोचल्याने रोजा मोडतो का, असे अम्मींनी विचारले. बहुतेक उलमांच्या मते मोडत नाही. तरी त्यांच्या समाधानासाठी आमच्या मशिदीतल्या मौलानांनाही विचारून घेतले.

हा धोका आमच्या घरापुरता नाही. तेरा देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांचा एक मोठा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला होता. रमजानमध्ये साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रकार, अम्मींसारखा मधुमेह असणाऱ्यांत, इतर महिन्यांच्या साडेसात पट आढळले होते. म्हणून आम्ही अम्मींना रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ती साखर खाली नेणारी गोळी बदलली, मोठी मात्रा इफ्तारकडे सरकवली आणि साखर कधी कधी पाहायची ते लिहून दिले: सहरीपूर्वी, सकाळी, दुपारी, चारच्या सुमाराला, इफ्तारच्या आधी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी. शिवाय घाम, थरथर, घाबरे वाटले तर केव्हाही. आमच्यातल्या एकीने शाळेच्या वहीत रकाने आखले.

जाता जाता एक गोष्ट भगिनींसाठी. या घड्याळांच्या ॲपमध्ये मासिक पाळीच्या तारखाही भरायला सांगतात. आमच्यातल्या धाकटीने भरल्या होत्या. मग एके दिवशी ॲपची परवानगीची लांबलचक पाने वाचली तेव्हा कळले की ही माहिती फोनमध्ये राहत नाही, कंपनीच्या संगणकांवर जाते. जी गोष्ट आपण घरातल्या पुरुषांसमोरही बोलत नाही, ती परक्या माणसांच्या नोंदवहीत कशाला? आपल्या देशात 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, दिलेली संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसायला लावण्याचा हक्क त्यात आहे. तिने तारखा पुसल्या आणि पुन्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक टिंबे द्यायला लागली.

चौथे घड्याळ अम्मींनी टाकले नाही. सहरीच्या वेळी ते मनगटावर नुसते थरथरते, आवाज करत नाही, त्यामुळे शेजारी झोपलेली छोटी नात उठत नाही. एवढ्यासाठी ते छान आहे. त्यातला साखरेचा पडदा मुलांनी बंद करून दिला आहे.

गेल्या रमजानच्या 29 रोज्यांपैकी अम्मींचे सतरा झाले, बारा राहिले. काही सकाळीच सोडावे लागले, एक तर असरनंतर, आणि तो सोडताना त्यांनी वहीतला आकडा स्वतः दोनदा वाचून पाहिला. राहिलेले रोजे त्यांनी डिसेंबरवर ठेवले, थंडीत तहान कमी आणि दिवसही लहान. डॉक्टरांना विचारून आठवड्याला दोन असे चालले आहे. नऊ झाले. आज दहावा आहे, चार वाजता 96 होती.