मैदानावरील सावली

वर्धा जिल्ह्याचे वैशाखातील ऊन प्रसिद्धच आहे. पारा कित्येकदा ४५ अंशांवर चढतो. अशा दिवसांत उघड्या मैदानावर फुटबॉलचा सामना पाहावयास आम्ही घरची मंडळी निघालो, की पहिला विचार सावलीचा.

सामने बहुधा तिसऱ्या प्रहरानंतर भरतात. म्हणून मैदानाची पश्चिम बाजू धरावी. ऊन पाठीशी राहते, झाडाची सावली पुढे पसरते, आणि डोळ्यांवर हात न धरता खेळ दिसतो. वैशाखात मावळता सूर्य पश्चिमेच्या जरा उत्तरेस असतो. तेव्हा झाडाच्या किंचित दक्षिणेस बसावे. पौषात याच्या उलट. मेअखेरीस मध्यान्ही तर स्वतःची छायाही पायांखाली लपते. त्या वेळी वृद्धांस व मुलांस घरीच ठेवणे इष्ट. सावलीची जागा थोडीच मिळाली, तर तीही प्रथम त्यांचीच.

वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरांवर सेवाग्राम आहे. तेथे गांधीजींनी १९३६ साली लाविलेला पिंपळ आज परक्यांसही छाया देतो. मैदानाच्या पश्चिम कडेस कडुनिंबाची एक रांग आपण लाविली, तर नातवंडांस सावली शोधीत फिरावे लागणार नाही.