न फिटलेली फी

मार्च १९३८. व्हिएन्नात नाझी शिरून महिनाही झाला नव्हता. विमा कंपनीतलं काम आटोपून सर्गेई पांकेयेव्ह घरी आले, तर घरभर गॅस कोंडलेला आणि थेरेसे गेलेली. बायकोने असं का करावं, हा प्रश्न घेऊन ते धावले पॅरिसला आणि तिथून लंडनला, आपल्या जुन्या मनोविश्लेषक रूथ मॅक ब्रन्सविक यांच्यामागे.

प्रश्न घेऊन विश्लेषकाकडे धावायची ही सवय जुनी. १९१० साली ते फ्रॉइडच्या कोचावर आडवे झाले, तेव्हा गर्भश्रीमंत रशियन जमीनदाराचे चिरंजीव होते. लहानपणीचं एक स्वप्न त्यांनी सांगितलं: खिडकी आपोआप उघडते, समोर अक्रोडाच्या झाडावर पांढरे लांडगे, एकटक बघणारे. फ्रॉइडने त्यावर असा इमला उभारला, की पेशंट जन्मभर ‘वुल्फ मॅन’ झाला. स्वप्न ह्याचं, कीर्ती डॉक्टरची!

चार वर्षं होत आली तरी गाडी पुढे सरकेना, तेव्हा फ्रॉइडने शेवटची तारीखच ठरवून टाकली. शिवाय सुचवलं, की निरोपाची भेट दिलीत तर उपकाराचं ओझं हलकं होईल. पांकेयेव्हनी प्राचीन इजिप्शियन स्त्रीमूर्ती दिली. हिशेब मिटला असता. पण तोच जून १९१४, सारायेव्होची हत्या, मग महायुद्ध, मग रशियात क्रांती. जमीनजुमला गेला.

फुकटच्या उपचाराने पेशंटचा विरोध उलट वाढतो आणि चुकवलेल्या तासाचेही पैसे द्यायचेच, असं फ्रॉइडने १९१३ साली लिहून ठेवलं होतं. तेच फ्रॉइड १९१९मध्ये कफल्लक पांकेयेव्हना विनामूल्य तपासत होते. पुढे काही वर्षं त्यांच्यासाठी वर्गणीही काढत होते. थेरेसेच्या दवाखान्याची बिलं त्यातूनच भागत.

मध्येच रशियातून घरचे थोडे दागिने आले. थेरेसे म्हणाली, कुणाला बोलू नका. फ्रॉइडलाही कळलं नाही. फ्रॉइडनंतर त्यांच्या विश्लेषक झालेल्या मॅक ब्रन्सविकना ह्यात पेशंटचा अप्रामाणिकपणा दिसला. दिसो बापडा. चलनवाढीत नोटांचा कागद होत असताना संसार चालवणाऱ्या बाईने आणखी काय सांगायचं? थेरेसे मूळची नर्स. म्युनिकच्या सॅनेटोरियममध्ये हा पेशंट तिच्या प्रेमात पडला होता. लग्नाचा निर्णय मात्र फ्रॉइडने कितीतरी काळ लांबवायला लावला.

म्हातारपणी पांकेयेव्हनी झाडावरच्या लांडग्यांची चित्रं काढून विकली. गिऱ्हाइकं बहुतेक विश्लेषकच. कारिन ओबहोल्त्सर या पत्रकार बाईंना मात्र त्यांनी सांगून टाकलं, की फ्रॉइडने स्वप्नाचा अर्थ ओढूनताणून लावला होता. मुलाखती आपल्या मरणानंतरच छापायच्या, ही अट. तोवर विश्लेषकांकडून दरमहा येणारे पैसे ते घेतच होते.