नागपुरात गाडी पारखताना

मंडळी, गाडी घ्यायला नागपूरला जाणार असाल तर मे महिन्याच्या भर दुपारी जा आणि आजीला सोबत न्या. वर्धा रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो धावते. तिथे फेरी मारा, पण तुम्ही मागे बसा.

चार मीटरच्या आतल्या दोन गाड्या घेऊ. टाटांची नेक्सॉन रांजणगावला बनते, महिंद्रांची थ्री-एक्स-ओ नाशिकला. म्हणजे दोन्ही आपल्याच मुलखातल्या. थ्री-एक्स-ओच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २६०० मिलिमीटर, नेक्सॉनचे सुमारे शंभरने कमी. मागे गुडघ्यांना मोकळीक मिळते ती इथेच. नेक्सॉनची डिकी मात्र मोठी, ३८२ लिटरची. लग्नाला निघालेल्या घराची बोचकी तिला सोसतात.

काचेचे छत पाहून पोरे हरखतील. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्याला जादा पैसे? मी तरी मोजणार नाही. मागच्या सीटला थंड हवेची जाळी हवी. स्वस्त प्रकारांत सोयी गाळलेल्या असतात, म्हणून जो प्रकार घेणार तोच उघडून बघा. आजीला चढता-उतरता येते का, तेही पाहा. माझे मत थ्री-एक्स-ओला. पोते ट्रॅक्टरवरही येईल.

आणि हो, तासभर उन्हात उभी असलेलीच गाडी मागा. आत गारवा यायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघा.